गच्चीवरची तीन चाकं

ये, अशी जवळ सरकून बस. हातात नुसता कागद आहे म्हणून काय झालं, समोर आजी बसलीय असं समज आणि बस. आधी तुला बोलणार आहे, मग पुढचं. मागच्या महिन्यात हैदराबादहून विमानानं आलीस, उतरलीस, आणि गाडीत बसून तडक कागलला सासरी! अगं, विमान गेलं ते माझ्या डोक्यावरून गेलं. मी गच्चीवर उभी होते. तुझ्या विमानाचे तिन्ही पाय मोजले, पुढचा एक, मागचे दोन, आणि मगच खाली येऊन भात टाकला. तो भात कुणी खाल्ला ते विचारू नकोस.

तुझी आई म्हणते, आजीचं वय झालं, गच्चीवर जाऊन विमानं मोजते. विमानं नाही मोजत बाई, पाय मोजते. ही सवय मला एका माणसानं लावली. तो गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस, तुला तो आठवणार नाही. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वर्तमानपत्रं वाचून शिकले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नकोस, माणसाकडं बघ.

नव्वद सालाच्या पुढची वर्षं ती. आपलं घर उजळाईवाडीच्या उतारावर. गच्चीवर उभं राहिलं की वाळत घातलेल्या पातळासारखी विमानाची पट्टी समोर लांबच लांब. माडीवरची खोली रिकामी होती. एक दिवस एक माणूस दारात आला. उंच, वाळका, कडक इस्त्रीची पांढरी पँट आणि पायात चपला. बूट होते, पण ते वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत. तुझे आजोबा म्हणाले, "या पावणं, बसा." तो बसला नाही. खुर्ची उचलली, उलटी केली, चारही पाय हलवून बघितले, मग बसला. आणि पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या आधी म्हणाला, "आधीच सांगतो. मागनं दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगतो. चाकं न सोडता विमान उतरवणारा म्हणून ज्याचं नाव ऐकलंय तुम्ही, तो मीच."

आम्ही काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. विमानाची चाकं आत-बाहेर होतात हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, जोत्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनीच विचारलं, "मग रं? फुटलं का?"

"पोटावर घसरलं. माणसं वाचली. नोकरी गेली."

"आणि चाकं कशी इसरलास?"

"शेळ्या होत्या, आक्का."

मग त्यानं सांगितलं. कुठल्याशा लहान पट्टीवर उतरताना मधोमध शेळ्या आल्या. यानं विमान परत वर घेतलं, चाकं आत घेतली, एक फेरी मारली. दुसऱ्यांदा उतरताना सगळं ध्यान शेळ्यांकडं. शेळ्या गेल्या होत्या. चाकं बाहेर काढायची राहिली.

"म्हंजे शेळ्यांनी इसरवलं की तुला," आत्ती म्हणाल्या.

"न्हाई आक्का. शेळ्यांचं काही चुकलं न्हाई. मी विसरलो."

खोली त्याला त्या वाक्यावर मिळाली. आत्तींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, "किल्ली दे त्याला."

आम्ही सगळे त्याला कॅप्टन म्हणायचो. मूळचा कुठला ते नीट कळलं नाही. कधी बेळगाव म्हणायचा, कधी धारवाड. चिडला की कानडीत बोलायचा आणि मराठीत माफी मागायचा. एका फौंड्रीवाल्या मालकाचं चार माणसांचं विमान होतं, ते हा चालवायचा. मालकानं ठेवून घेताना एकच अट घातली होती, आणि तीही हा स्वतःच सगळ्यांना सांगायचा: एकदा विसरलात ते सोडलं, पण परत असं काही केलंत तर माझ्या विमानाला हात लावायचा नाही. या मालकानं काढलं तर त्या वयाच्या आणि तसं नाव झालेल्या माणसाला दुसरं कोण विमान देणार? ते त्यालाही ठाऊक होतं, आम्हालाही.

त्यामुळं तो असा झाला होता की आधीपासूनच तसा होता, देव जाणे. जे करील ते मोठ्यानं बोलून करायचा. "दिवा बंद केला. नळ बंद केला. कुलूप लावलं." आणि जिन्यावरून खाली वाकून, "वहिनी, कुलूप लावलं. बघितलं ना?" मी खालून दळण निवडत "बघितलं" म्हणायचे. एखाद्या दिवशी मी न बघताच म्हटलं तर त्याला कसं कळायचं कोण जाणे. परत वर जायचा, कुलूप काढायचा, पुन्हा लावायचा. "आता बघा." आत्ती म्हणायच्या, "बाबा रं, तुझं कुलूप बघण्यात माझं म्हातारपण चाललंय."

बूट फक्त विमानात घालायचा. जमिनीवर चपला. विचारलं तर म्हणायचा, "बूट घातले की पायाला वाटतं, आपण वर आहोत. उगाच पायाचा गोंधळ नको." आणि शेळी दिसली की थांबून तिला वाट द्यायचा. मंडईत भर गर्दीत एकदा त्यानं शेळीला वाट दिली आणि मागं म्हशींची रांग लागली, हे तुझ्या आजोबांनी डोळ्यांनी बघितलेलं.

जेवायला आमच्याकडंच. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, दिवस मावळला की ताट नाही. दुसरा भाडेकरू असता तर कुरकुरला असता. पण पट्टीवर त्या काळी रात्रीचे दिवे नव्हते, त्यालाही दिवस मावळायच्या आत उतरावंच लागायचं. आत्ती म्हणायच्या, "त्याच्या पट्टीला दिवा न्हाई, आपल्या ताटाला दिवा चालत न्हाई. बरोबर घरात आलाय."

यातनंच ते पातळाचं निघालं. तो कधी परतणार ते कळायचं नाही आणि भात गार व्हायचा. मी एकदा बोलले. तर म्हणाला, "वहिनी, उतरायच्या आधी मी गच्चीवरनं जातो. विमान दिसलं की भात टाका. आणि टाकायच्या आधी एक काम करा. खालनं माझे पाय मोजा. तीन दिसले तर लाल पातळ हलवा. न्हाई दिसले तर हलवू नका."

"आत तुम्हाला कळत न्हाय व्हय, चाकं आली का न्हाईत?"

"आत तीन हिरवे दिवे आहेत. एकेका पायाचा एकेक."

"मग मी कशाला?"

"दिवा खोटं बोलू शकतो. मीबी. गच्चीवर तुमचं काय अडलंय खोटं बोलायला?"

पट्टीवर तेव्हा आठवड्यात एखादंच विमान यायचं, एक राखणदार आणि चरायला आलेली म्हसरं, एवढीच वर्दळ. बघणारं असं आम्हीच. पुढं पुढं इतकं अंगवळणी पडलं की घरघर ऐकू आली की हातातलं पीठ तसंच घेऊन मी जिना चढायचे. एक, दोन, तीन. पातळ हलवायचं. विमान पंख जरासे डोलवायचं आणि पट्टीकडं वळायचं. शेजारच्या बायका हसायच्या. "विमानाला दृष्ट काढता काय वो काकू?" हसू देत. भात कधी गार झाला नाही त्यानंतर.

आता मालकाच्या आईचं सांगते, म्हणजे तुला पुढचं कळेल. म्हातारी मोठी देखणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचं माहेर टांगेवाल्यांचं, दारात घोडे असायचे. दसऱ्याला घोड्याच्या पुढच्या पायात चांदीचं पैंजण घालायचं ही त्यांची रीत, एकाच पायात. मुलानं विमान घेतलं तेव्हा तिनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नाकाला हळदकुंकू लावलं. आणि दर खंडेनवमीला तिचं आणि कॅप्टनचं वाजायचंच. तो म्हणायचा, "नाकाला हार घाला, पंखाला घाला, मला घाला. पायाला दोरासुद्धा न्हाई." ती म्हणायची, "घोड्याच्या पायाला न्हाई घालायचं तर कुठं घालायचं? कानाला?" आम्ही दरवर्षी बघायला जायचो. फुकटची जत्रा!

त्या वर्षी मात्र म्हातारी भांडली नाही. हार नाकाला घातला, नारळ बाजूला फोडला, गुपचूप घरी गेली. कॅप्टन जेवताना म्हणाला, "यंदा पटलं त्यांना." आत्ती म्हणाल्या, "बाई गप बसली म्हंजे पटलं असं कुणी सांगितलं तुला?"

दुसऱ्या दिवशी दसरा. मालक आदल्या दिवशी गाडीनं पुण्याला गेला होता, सोनं वाटायला संध्याकाळपर्यंत घरी आणायचा म्हणून दुपारी कॅप्टन एकटाच विमान घेऊन निघाला. आम्ही तिघी, मी, माझी धाकटी जाऊ आणि आत्ती, पुरणपोळ्या खाऊन गच्चीवर आपट्याच्या फांद्या निवडत बसलो होतो. विमान उडालं, लांब गेलं, आणि थोड्याच वेळात घरघर परत आली. इतक्यात पुण्याला जाऊन कुणी येत नाही.

अगदी खालनं आला. मी मान वर केली. मागचे दोन पाय होते. पुढं काही नाही.

"हलव की पातळ!" धाकटी ओरडली.

"तीन असले तर हलवायचं. दोनच हायत."

"मग दोन असल्यावर काय करायचं?"

ते ठरलंच नव्हतं बघ! इतक्या वर्षांत कधी दोन दिसलेच नव्हते. मी पातळ हलवलं नाही. तो वळसा घालून परत आला, आणखी खालनं. आतला एक दिवा लागला नव्हता, हे मागनं कळलं, पण दिव्यावर त्याचा भरवसा नव्हता; पातळ हललं नाही तेव्हा एवढं कळलं की काहीतरी नाही. पण काय नाही? एक नाही, दोन नाहीत, की तिन्ही नाहीत? ते वर कसं सांगायचं?

तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. मी धाकटीला म्हटलं, "तू तिकडच्या कोपऱ्यात उभी रहा, हात वर कर. मी इकडं उभी राहते. आणि आत्ती, तुम्ही पुढं मधोमध खाली बसा."

"मी का बसू? सणासुदीचं तापल्या कोब्यावर?"

"आत्ती, तुम्ही पुढचं चाक."

"चाक? या घरची थोरली मी, आणि चाक?"

"आत्ती, पाया पडते, बसा! पुढचं चाक आलं न्हाय, म्हणून बसायचं!"

बसल्या. मांडी घालून, पदर नीट घेऊन, पूजेला बसल्यासारख्या. मागं आम्ही दोघी हात वर करून, मुली शाळेत शिक्षा भोगतात तशा. विमान डोक्यावरून गेलं. पलीकडं जाऊन त्यानं पंख डोलवले.

"कळलं त्याला!" धाकटी हात खाली घेऊन नाचायला लागली.

"हात वर!" आत्ती ओरडल्या. "त्यो परत बघंल."

मग किती तरी वेळ तो घिरट्या घालत राहिला. उतरताना पेट घेऊ नये म्हणून तेल जाळत होता, हे आम्हाला मागनं कळलं. मधे विमान एकदम वर न्यायचा, खाली आणायचा, पाय झटकल्यासारखं करायचा. पाय काही सुटेना. आमचे हात भरून आले, आम्ही खाली घेतले, विमान आलं की पुन्हा वर. आत्ती मात्र उठल्या नाहीत. ऊन कललं, खाली चुलीवरचं वरण आटलं. धाकटी म्हणाली, "आत्ती, दिवस मावळंल, दोन घास खाऊन या." तर म्हणाल्या, "चाक उठलं तर त्यो फसंल." आत्ती त्या सणाच्या दिवशी रात्रीच्या उपाशी राहिल्या. दिवस मावळला आणि त्यांचं ताट राहिलं.

उजेड जायच्या बेतात तो उतरला. मधेच घरघर बंद झाली. पण त्यानंच इंजिन बंद केलं होतं, पंखा जमिनीला लागू नये म्हणून. मागच्या दोन पायांवर टेकला, नाक वर धरून किती तरी लांब गेला, एखादी बाई डोईवर घागर घेऊन चालते तसा. मग नाक हळूहळू खाली आलं आणि पत्रा घासल्याचा आवाज आपल्या गच्चीपर्यंत आला. धूळ उडाली. थांबलं.

तुझे आजोबा सायकल टाकून धावले. ते पोचले तेव्हा कॅप्टन पट्टीवर बसून बूट काढून चपला घालत होता. म्हणाला, "अण्णा, वहिनींनी बघितलं ना?"

दुसऱ्या दिवशी मालक आला. विमानाचं नाक घासलेलं, मागचे पाय जागेवर. त्यानं त्याच्या ओळखीच्या कुणा जाणत्याला फोन केला होता. त्या जाणत्यानं सांगितलं की उतरल्यावर गडबडीत चुकीचा दांडा ओढला की पुढचा पाय मिटतो, विसरभोळ्या माणसांकडनं असं होतं. झालं! गावभर तेच. म्हातारं परत विसरलं. मालक कॅप्टनला एवढंच म्हणाला, "परत तेच केलंत."

"न्हाई," कॅप्टन म्हणाला. एवढा एक शब्द. पुढं काही नाही.

मला राग आला. जेवायला बसल्यावर म्हटलं, "तोंड हाय न्हवं तुम्हाला? पाय वरच अडकला हुता, सांगायचं की त्यांना."

तो भाकरी मोडत म्हणाला, "वहिनी, एकदा विसरलेल्या माणसानं 'मी विसरलो न्हाई' म्हणायचं नसतं. ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं."

तेव्हा मला कळलं की एवढी वर्षं तो "बघितलं ना?" का विचारायचा. कुलूप लागलं का नाही याची त्याला धास्ती नव्हती. उद्या कुणी विचारलं तर सांगणारं कुणी आहे का, याची होती.

चार दिवसांनी वरनं चौकशीचे साहेब आले. तरुण, चष्मा, सभ्य. कॅप्टननं सांगितलं, पाय हवेतच अडकला. साहेबांनी विचारलं, "कुणी बघितलं?" तर यानं आपली गच्ची दाखवली. मालकही मागोमाग आला, तोंड वाकडं करून.

साहेब गच्चीवर आले. मला विचारलं, "विमान हवेत असताना पुढचा पाय होता का? नीट आठवून सांगा, यावर बरंच अवलंबून आहे." मी तोंड उघडणार तोवर आत्ती पुढं झाल्या. मला एका कोपऱ्यात ढकललं, धाकटीला दुसऱ्या, "हात वर करा गं," आणि स्वतः मधोमध मांडी घालून बसल्या. मग मालकाकडं बोट करून साहेबांना म्हणाल्या, "ह्येला सांगा. असं हुतं. सांजपातुर मी अशीच बसलीया. त्यो जिमिनीवर यायच्या आधीपास्नं."

साहेबांनी तिघींकडं नीट बघून वहीत लिहून घेतलं. हसले नाहीत, हे मला आवडलं. मालकाला म्हणाले, "पुढचा पाय उघडून बघायला लागेल."

उघडला. आत, वरच्या सांध्यात, काळ्या चिंधीत गुंडाळलेलं चांदीचं पैंजण चेपून बसलं होतं. हुपरीहून खास घडवून आणलेलं. म्हातारीनं खंडेनवमीच्या दिवशी हार घालायच्या निमित्तानं वाकून ते पायाला अगदी वर, आतल्या अंगाला बांधलं होतं. चिंधी का, तर चांदी चमकली की चोराची नजर जाते. कॅप्टननं दसऱ्याला विमानाभोवती फिरून हार काढला, प्रत्येक पायावर थाप मारली, पण इतकं खाली वाकून वर बघितलं नाही.

म्हातारी आली. सगळ्यांना वाटलं आता रडणार. छे! कमरेवर हात ठेवून कॅप्टनलाच म्हणाली, "घोडा कधी पाय पोटात घेतो का? तुम्ही घेतलासा कशाला?"

मालकानं मान खाली घातली. आणि कॅप्टन, ज्याची गावभर नाचक्की झाली होती तो माणूस, तिला हात जोडून म्हणाला, "तुमचंबी बरोबर आहे आईसाहेब. मी वाकून बघायला पाहिजे होतं. तेवढं माझं राहिलं."

मग मालकाकडं वळून, "पण विसरलो न्हवतो."

मालक म्हणाला, "न्हाई. विसरला न्हवता." सगळ्यांसमोर म्हणाला. कॅप्टननं माझ्याकडं बघितलं, आणि मी न विचारताच मान हलवली. बघितलं म्हणून.

विमान दुरुस्त झालं, तो उडवत राहिला. ते पैंजण त्यानं स्वतः हुपरीला नेऊन सरळ करून आणलं आणि विमानात, आत, काचेपाशी टांगलं. म्हातारीची रीत राहिली, पाय मोकळा राहिला. त्यानंतर उडायच्या आधी जे जे मोठ्यानं म्हणायचा त्यात एक भर पडली. तेल, दार, पंख, पाय, पैंजण. आणि आपल्या घरात आत्तींचं नाव "पुढचं चाक" पडलं. वरवर चिडायच्या. पण नवीन कुणी पाहुणा आला की, "मला चाक का म्हणत्यात म्हाईत हाय का?" अशी सुरुवात त्यांचीच.

दोन हजार सालानंतर मालकानं विमान विकलं. कॅप्टन बहिणीकडं धारवाडला गेला. जाताना कुलूप माझ्या हातात ठेवलं, "खोली रिकामी केली वहिनी, बघितलं ना?" म्हणाला. आत्तींच्या पाया पडला. परत आला नाही, पत्रही नाही. तसा तो लिहिणारा माणूस नव्हता, दाखवणारा होता. आत्ती त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. शेवटी शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं, पण आभाळात घरघर झाली की खाटेवरनं विचारायच्या, "पाय बघितलंस का गं?" मी जिना चढायचे, मोजायचे, खाली येऊन सांगायचे, "तीन हायत आत्ती." मग त्या कूस बदलायच्या.

आता ती पट्टी मोठी झाली, दिवे आले, रात्रीचीसुद्धा विमानं उतरतात म्हणे. कुणाला माझ्या पातळाची गरज नाही. तरी तुझं विमान आलं त्या दिवशी मी लाल पातळ हलवलं. तू बघितलं नाहीस. डोळे मिटून बसली असशील, नाहीतर तो मोबाईल.

पुढच्या खेपेला खिडकीशी बस आणि खाली बघ. हात वर केलेली एक म्हातारी दिसंल. उतरलीस की कागलची गाडी थोडी थांबू दे, आधी इकडं ये. आणि लवकर ये गं, दिवस मावळायच्या आत. भात मी तुझे पाय मोजूनच टाकते.